थेंबकाकांच्या डबीतलं कार्ड

आमच्या भावोजींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता शोधूनही सापडायचं नाही. शिवणयंत्रं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. गेली चाळीस वर्षं एका हातात स्क्रूड्रायव्हर आणि दुसऱ्या हातात तेलाची कुपी. कुणी मशीनमध्ये तेलाची धार सोडायला लागलं, की हे हात आडवा घालतात आणि म्हणतात, "एक थेंब पुरे." हे वाक्य इतक्या घरांत आणि इतक्या वेळा म्हणून झालंय, की लोकांनी त्यांचं नावच थेंबकाका करून टाकलं. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, चिडली की तीसुद्धा मला सांगते, "विचार तुझ्या थेंबाला." मी मात्र भावोजीच म्हणते. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. लग्न केलं नाही, दोन गल्ल्या सोडून राहते आणि रात्रीचं जेवण ताईकडे. त्यामुळे त्या घरात काय शिजतंय ते मला ताटातलंही कळतं आणि ताटाबाहेरचंही.

भावोजी शांत माणूस. इतका शांत, की त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस दोन मिनिटांत आपलंच काहीतरी चुकलं असेल असं समजून परत येतो. ताईने तीस वर्षांत पुष्कळ प्रयत्न केले आणि शेवटी हात टेकले. पण या शांत माणसाचे काही नियम आहेत आणि त्या नियमांपुढे कुणाचं काही चालत नाही.

त्यातला सगळ्यात कडक नियम सुट्या भागांचा. दिवसाचं काम संपलं, की मशीनमधून जो भाग सुटा होतो तो काढायचा, फडक्याने पुसायचा आणि डबीत ठेवायचा. सुई, खालच्या दोऱ्याचं बॉबिन, बॉबिनची केस. रात्रभर आत राहिलं की दोऱ्याचा ताण बसून राहतो, दमट हवेत गंज धरतो, असं त्यांचं म्हणणं. डबी पत्र्याची, मीच माझ्या दुकानातून आणून दिलेली, खोकल्याच्या गोळ्यांची. आत त्यांनी मऊ कापडाचा तुकडा घातलाय. संध्याकाळी सातच्या ठोक्याला ताईच्या मशीनची सुई आणि बॉबिन त्या डबीत जाणार म्हणजे जाणार. ताई एखादी बाही शिवत असली तरी. आणि हे मशीनपुरतं राहिलं असतं तरी ठीक होतं. विजेरीतले सेल रोज संध्याकाळी बाहेर. टीव्हीच्या रिमोटमधले सेल टीव्ही बंद केला रे केला की बाहेर. त्या घरात टीव्हीवरचं चॅनल बदलायचं तर आधी डबी शोधावी लागते. मी एकदा म्हटलं होतं, भावोजी, तुमचे दातही काढता येण्यासारखे झाले की डबी मोठी लागेल. ते हसले, पण सेल काही आत राहिले नाहीत.

दुसरी गोष्ट त्यांच्या रेकॉर्डिंगची, आणि खरी कहाणी तिथूनच सुरू होते.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्याने त्यांना आपला जुना फोन दिला. त्यात आवाज रेकॉर्ड करता येतो हे कळल्यावर भावोजींनी त्याचा जो उपयोग केला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. मशीन दुरुस्त झालं, की फोन मशीनच्या पाटावर ठेवायचा. आधी बोलून घ्यायचं, कुणाचं मशीन, काय केलं. मग त्या घरच्या माणसालाच मशीन चालवायला लावायचं, पंधरा सेकंद हळू आणि पंधरा सेकंद जोरात. हा त्या मशीनचा धडधाकट आवाज. पुन्हा कधी त्या घरून बोलावणं आलं, की हे सांगणार, फोन मशीनजवळ धरा आणि चालवा. इकडे आधी जुना आवाज ऐकायचा, मग नवा, आणि मग पिशवीत काय घ्यायचं ते ठरवायचं. लोक सुरुवातीला हसले. पण दुसरे कारागीर आधी बघायला येत आणि मग सामान आणायला परत जात, हे पहिल्याच खेपेला नेमका भाग घेऊन दारात उभे. हसणं आपोआप थांबलं.

एक गोष्ट फक्त मला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी भावोजी दुकानात आले, गर्दी ओसरेपर्यंत खोकल्याच्या औषधांपाशी उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, कानात घालायचे थेंब दे. उजव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, वयाने आलंय, जाणार नाही. ताईला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्या दिवशी ते जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही.

"पूर्वी सगळी मशीनं डोक्यात होती," ते म्हणाले. "आता फोनात आहेत."

अकराशेच्या वर रेकॉर्डिंग होती. फोन भरणार नाही तर काय होणार.

भरला तोही नेमक्या अडचणीच्या वेळी. पुलापलीकडे शर्ट शिवायचा एक कारखाना आहे, बत्तीस मशीनं. भावोजींचं निम्म्याहून जास्त काम तिथलं. त्या कारखान्याच्या ऑफिसने फतवा काढला, की एक तारखेपासून दुरुस्तीसाठी फोनबिन कुणी करायचा नाही, सगळं अ‍ॅपवरून होईल. अ‍ॅप ज्याच्याकडे नाही त्याचं नाव यादीत नाही. भावोजींनी अ‍ॅप घ्यायला बोट लावलं, तर फोन म्हणाला, पुरेशी जागा नाही.

मग सल्ले सुरू झाले. ताई म्हणाली, मेलेल्या मशीनचे आवाज तरी पुसा. भावोजी म्हणाले, मशीन मरत नाही. समोरच्या घरातल्या पोस्टमनने सांगितलं, नवा फोन घ्या. चौकातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या बाईंनी फोन उघडून पाहिला आणि सरळ उपाय सांगितला. एक मेमरी कार्ड घाला, ही सगळी रेकॉर्डिंग कार्डात हलवा, फोन मोकळा. एवढ्यात प्रश्न सुटला असता. पण भावोजींनी त्या नखाएवढ्या कार्डाकडे पाहिलं आणि मान हलवली. इतकी बारीक वस्तू, फुंकरीने उडेल. तिच्यावर नऊ वर्षं ठेवायची नाहीत.

आता इथे मी शहाणपणा केला. कबूल करते. औषधांवरची बारीक अक्षरं दिवसभर वाचून मला असं वाटायला लागलंय, की जगातली कुठलीही सूचना मला समजते. मी म्हटलं, मग उलटं करू. रेकॉर्डिंग राहू देत आत, अ‍ॅप जाऊ देत कार्डात. दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या, तसंही होतं, काही अ‍ॅप हलतात, काही हटून बसतात, करून बघा. भावोजींना हे एकदम पटलं. घरची माणसं घरात आणि भाडेकरू बाहेरच्या खोलीत, असं ते म्हणाले. कार्ड घेऊन आम्ही घरी आलो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी बसले, भावोजी चष्मा पुसून शेजारी आणि ताई मागे कणीक भिजवत. फोनचं मागचं झाकण काढलं की बॅटरीच्या बाजूला कार्डाची खाच, तिथे कार्ड बसवलं. मग सेटिंग, त्यात अ‍ॅपची यादी, त्यात एकेक अ‍ॅप, त्यात स्टोरेज, त्यात 'बदला', आणि मग कार्ड. की एक निळी रेघ हळूहळू भरायची. हवामानाचं गेलं. बसच्या वेळापत्रकाचं गेलं. ताईचा फळं जुळवायचा खेळ चांगला लठ्ठ निघाला, तो जाताना रेघ इतकी रेंगाळली, की ताईने कणकेच्या हाताने येऊन विचारलं, माझ्या पातळ्या पुसल्या तर जात नाहीत ना. घड्याळ हललं नाही, फोटोंचं हललं नाही. पण जेवढं हललं तेवढ्यात भरपूर जागा झाली. मग कारखान्याचं अ‍ॅप उतरवलं आणि उतरल्याबरोबर तेही कार्डात पाठवलं.

भावोजी सगळं मन लावून पाहत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, की ही अ‍ॅप आता राहतात कुठे. मी म्हटलं, कार्डात. ते म्हणाले, म्हणजे कार्ड हा सुटा भाग झाला. मी म्हटलं, हो, अगदी बरोबर. माझी अक्कल त्या क्षणी कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

एक तारीख उजाडली. पहिल्या दिवशी कारखान्याचं काही आलं नाही. भावोजींनी सकाळी अ‍ॅप उघडलं, त्यावर लिहिलेलं होतं, आज तुमच्यासाठी काम नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, नवीन पद्धत आहे, त्यांनाच जमत नसेल. भावोजी म्हणाले, असेल. घरगुती कामं येत होती, त्यांना ते जात होते. जेवताना नेहमीसारखे बोलत होते. पण माझं त्यांच्याकडे लक्ष होतं, कारण अ‍ॅप मी घातलं होतं.

मी एकदा त्यांना म्हटलं, कारखान्यात फोन करून विचारा. त्यांनी नकार दिला. फोन करायचा नाही असा कारखान्याचा नियम आहे, म्हणाले, आणि मान खाली घालून जेवायला लागले. मला कळलं. नियमाचं निमित्त होतं. विचारलं आणि पलीकडून कुणी सांगितलं असतं, की आता तुमची गरज नाही, तर ते ऐकावं लागलं असतं. न विचारता बसलं, की निदान ऐकावं तरी लागत नाही.

पाचव्या दिवशी जाऊन पाहते, तर त्यांनी हत्यारांची पिशवी रिकामी करून टेबलावर मांडली होती. प्रत्येक हत्यार पुसून, तेलाचं बोट फिरवून, कागदात गुंडाळत होते. रोज वापरायचं हत्यार कुणी कागदात गुंडाळत नाही. ताईला ते म्हणाले होते, की आता थोडी विश्रांती घ्यावी म्हणतो. ताईला आनंद झाला होता, ती बिचारी मला सांगत होती, की शेवटी ऐकलं यांनी माझं. मी निघाले तेव्हा भावोजी दारापर्यंत आले आणि सहज विचारावं तसं विचारलं, तुमच्या दुकानात बसायला कुणी लागतं का गं. मोजून गोळ्या देता येतील मला.

हा माणूस आवाज ऐकून सांगतो, की सुईचं टोक केसभर वाकलंय, आणि हा माझ्या मालकासमोर उभा राहून गोळ्या मोजणार. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो, तर मी म्हटलं, आमच्याकडे मोजायचं मशीन आहे, आणि तरातरा निघून आले. घरी पोहोचेपर्यंत त्याचा पश्चात्ताप झाला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानाचा वीजपुरवठा गेला आणि मालकाने साडेसहाला शटर ओढलं. एरवी मी ताईकडे आठला पोहोचते. त्या दिवशी सातला दहा कमी असताना पोहोचले. हे इतकं बारीक सांगते कारण सगळं त्यावरच होतं. ताई कपडे घडी करत होती. भावोजी आपल्या खुर्चीत. सात वाजले. ते उठले, ताईच्या मशीनमधली सुई काढली, पुसली, डबीत ठेवली. बॉबिन काढलं, पुसलं, ठेवलं. मग खिशातून फोन काढला, त्याचं मागचं झाकण नखाने उचललं, कार्ड काढलं, पुसलं आणि सुईच्या शेजारी ठेवलं.

मी विचारलं, "हे काय केलंत?"

"सुटा भाग," ते म्हणाले. "रात्री आत ठेवत नाही."

"रोज काढता?"

"पहिल्या दिवसापासून. सकाळी सातला परत बसवतो. एक दिवस चुकलेलो नाही."

हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं, की मला हसू फुटलं. मी हसता हसता खाली बसले. डोळ्यांतून पाणी आलं. ताईला वाटलं, मला काही झालं, ती पाण्याचा पेला घेऊन आली. आणि पाणी पिता पिता माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं आणि मी पेला खाली ठेवला.

कारखान्याची पद्धत अशी, की शिलाई सातला थांबते. मग सुपरवायझर बाई रांगेतून फिरतात, कुठलं मशीन काय त्रास देतंय ते बघतात आणि अ‍ॅपमध्ये टाकतात. कारागिराने नऊच्या आत 'स्वीकारलं' वर बोट ठेवायचं. नाही ठेवलं, तर काम दुसऱ्या कारागिराकडे जातं आणि सकाळपर्यंत याच्या पाटीवरून पुसलं जातं. हे मला माहीत होतं, कारण अ‍ॅप घातलं तेव्हा त्याच्या सूचना मीच मोठ्याने वाचल्या होत्या. आणि सात ते नऊ या दोन तासांत ते अ‍ॅप रोज खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत, मऊ कापडावर झोपलेलं होतं.

मी भावोजींना हे समजावून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही म्हणून नव्हे, तर त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं म्हणून. कार्ड बाहेर असलं की अ‍ॅपही बाहेर, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, निरोप फोनात येतो आणि सकाळी अ‍ॅप आलं की ते बघतं. त्यांनी डबीतलं कार्ड उचललं आणि जागेवर बसवलं. आम्ही तिघं टेबलाभोवती फोन मध्ये ठेवून बसलो. ताईने घडी घालायचे कपडे मांडीवरच ठेवले होते. तिला अजून पुरतं काही कळलं नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड बघून ती विचारत नव्हती.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी फोन टुणकन वाजला.

मशीन नंबर चौदा. टाके सुटतात. आणि खाली बारीक अक्षरांत, सहावी नोंद.

भावोजींनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. सहावी नोंद म्हणजे हेच काम रोज संध्याकाळी यांच्याच नावाने टाकलं गेलं होतं. सहाही दिवस. त्यांनी 'स्वीकारलं' वर बोट ठेवलं. काही झालं नाही. परत ठेवलं. तेव्हाही नाही. चाळीस वर्षं तेलात भिजलेलं बोट, काचेला ते बोट वाटेचना. मी घड्याळाकडे पाहिलं, जसं काही नऊ वाजायला दोन मिनिटंच उरली होती. शेवटी ताईने त्यांचा हात धरला, मांडीवरच्या धुतलेल्या टॉवेलला ते बोट खसाखसा पुसलं आणि स्वतः धरून पडद्यावर टेकवलं. हिरवी खूण आली. माझा जीव भांड्यात पडला. टॉवेलवर तेलाचा डाग पडला, आणि ताईने त्याची तशीच घडी घालून तो बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा दिवस रजा काढून त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. घोळ माझा होता, बोलणी बसणार असली तर मला बसावीत असं मला वाटत होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबच लांब खोली. वर ट्यूबलाइट, खाली मशीनच्या चार रांगा, आणि हवेत सुताचे बारीक तंतू, जे नाकात जातात आणि घरी येईपर्यंत निघत नाहीत. एकतीस मशीनं चालू होती. दुसऱ्या रांगेतलं सहावं, चौदा नंबरचं, पांढऱ्या कापडाने झाकलेलं होतं. त्या मशीनवर कॉलर शिवणारी जी बाई बसते, जिला सगळे कॉलरवालीच म्हणतात, ती कोपऱ्यातल्या टेबलावर हाताने बटणं लावत होती.

सुपरवायझर बाईंनी आम्हाला पाहिलं, पण त्या पुढे आल्या नाहीत. त्या रागावलेल्या होत्या आणि ते लपवत नव्हत्या. सहा वेळा टाकलं, म्हणाल्या, पाच वेळा तुम्ही घेतलं नाहीत. अ‍ॅप आवडलं नाही तर तसं सांगायचं होतं. त्यांना वाटलं होतं, काका रुसलेत. आणि फोन त्या करू शकत नव्हत्या, कारण फोन करायचा नाही हा फतवा त्यांच्याच ऑफिसचा. भावोजी खालमानेने ऐकत राहिले. मी मध्ये पडून डबीची सगळी हकीकत सांगितली. सांगताना माझाच आवाज मला लाजल्यासारखा वाटत होता. सुपरवायझर बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा. मग त्या पाठ करून उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलताना दिसले.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. दुसरा कारागीर तीनदा येऊन गेला होता. बाकीची मशीनं त्याने केली, चांगली केली. पण चौदा नंबरला कॉलरवालीने हात लावू दिला नाही. पहिल्या दिवशी तिने मशीन झाकलं आणि बटणांच्या टेबलावर जाऊन बसली. बटणांच्या कामाला कॉलरच्या कामाइतके पैसे नाहीत, हे तिला माहीत होतं. सुपरवायझर बाईंनी दटावलं, तरी हलली नाही.

तोवर कॉलरवाली उठून आमच्यापाशी आली होती. तिचं वय पस्तिशीचं असेल, बोटाला सुईपासून वाचायची टोपी तशीच होती. भावोजींनी तिला विचारलं, की कशाला थांबलीस, तो कारागीरही वाईट नाही.

"वाईट नाही," ती म्हणाली. "पण माझं मशीन चांगलं असताना कसं बोलतं ते तुमच्याकडे आहे. त्याच्याकडे नाही. तो कशासारखं दुरुस्त करणार?"

भावोजींनी पिशवी खाली ठेवली आणि मशीनवरचं कापड काढून त्याची चारदा घडी घातली, गरज नसताना. मी त्यांना तीस वर्षं ओळखते. त्यांचे हात असं काही करायला लागले, की तोंडाने बोलणं त्यांना जमत नसतं.

मग काम सुरू झालं. फोनमधला चौदा नंबरचा जुना आवाज त्यांनी काढला, डाव्या कानाला लावला. मग तिला मशीन चालवायला सांगितलं. पण बाकीच्या एकतीस मशीनांच्या गोंगाटात त्यांना हवं ते ऐकू येईना. पूर्वी यायचं. त्यांनी फोन दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला, आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मी सुपरवायझर बाईंपाशी जाऊन म्हटलं, अर्धा मिनिट सगळ्यांना थांबवाल का. का ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी हात वर केला. एकेक रांग थांबत गेली आणि त्या एवढ्या मोठ्या खोलीत फक्त चौदा नंबर बोलत राहिलं.

भावोजींनी डोळे मिटले. जुना, नवा. परत जुना, परत नवा. मग डोळे उघडून म्हणाले, की आतल्या भागाला काही झालेलं नाही. सुई ज्या पट्टीच्या भोकातून खाली जाते, त्या भोकाची कड खरखरीत झालीय आणि दोरा तिला घासतोय. पट्टी काढली, बारीक पॉलिश पेपरने भोकाची कड चार वेळा फिरवली, बोटाने चाचपली, परत दोनदा फिरवली. पट्टी बसवली. कॉलरवालीने तेलाची कुपी उचलून पुढे केली आणि तीच म्हणाली, एक थेंब पुरे. सगळी रांग हसली.

मग नेहमीप्रमाणे फोन पाटावर ठेवून भावोजींनी बोलून घेतलं, चौदा नंबर, कॉलरवाली, पट्टी घासली. पंधरा सेकंद हळू, पंधरा सेकंद जोरात. टाका सरळ, एकही सुटला नाही. सुपरवायझर बाईंनी खूण केली आणि सगळी मशीनं परत सुरू झाली.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम दुकानातून लवकर निघाले. भावोजी खुर्चीत बसून फोन डाव्या कानाला लावून काहीतरी ऐकत होते. संपलं की परत सुरुवातीपासून. ताईने विचारलं, मशीन ठीक आहे ना. ठीक आहे, म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला. मी ऐकलं. त्यांचा स्वतःचा आवाज, मग मशीन हळू, मग जोरात. आणि त्या आवाजाच्या मागे, त्यांच्या उजव्या हाताला बसलेली एक बाई, जिचं त्यांना तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं, दुसरीला हळूच म्हणत होती, "आले बाई एकदाचे काका. परवापासून सगळ्यांचा धीर सुटत चालला होता."

मी फोन परत दिला. त्यांनी तो ताईच्या कानाला लावला. ताई ऐकत होती तेव्हाच त्यांनी तिला उजव्या कानाचं सगळं सांगून टाकलं, दोन वर्षांचं, डॉक्टरांसकट. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ताईने फोन कानावरून काढला आणि एवढंच म्हटलं, की तिला माहीत होतं. दोन वर्षं ती त्यांच्या डाव्या बाजूला उगीच नाही झोपत.

सात वाजले. भावोजी उठले. मशीनची सुई काढली, पुसली, डबीत ठेवली. बॉबिन काढलं, पुसलं, ठेवलं. मग खिशातून फोन काढला. त्यांचं नख झाकणाच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथे थोडा वेळ थांबलं. ताई आणि मी दोघी बघत होतो.

त्यांनी डबी बंद केली आणि फोन तसाच टेबलावर, आमच्या मधोमध ठेवला.

"त्याला राहू दे," ते म्हणाले. "त्याचं काम आता सुरू होतं."